करीच्या दिवसाची रांग

१

तिकिटाच्या खिडकीतून तिकीट यायचं, मोड यायची, कधीमधी शिवीही यायची. त्या दिवशी रक्त आलं.

साल एकोणीसशे सत्तावीस. सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरलेली, संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. करीला शुभ काम करू नये म्हणतात. सर्कस बघणं शुभ की अशुभ हे पंचांगात दिलेलं नव्हतं, त्यामुळं सगळा जिल्हा मैदानावर लोटला होता. सर्कशीचं नाव ‘रणशूर’. तिच्यातला सिंह असा दांडगा, की त्यानं जांभई घेतली तर पुढच्या बाकावरची पागोटी आत ओढली जायची. आणि रांग? शेपटाला उभी राहिलेली पोरगी डोक्याशी पोचेपर्यंत उपवर व्हायची. खोटं वाटत असेल तर टेंभुर्णीला जाऊन विचारा. रांगेचं शेपूट तिथंच होतं.

खरं तर रांगा दोन होत्या. एक तिकिटाच्या खिडकीची, दुसरी तंबूच्या दाराची. कालचं तिकीट आज चालू नये म्हणून तिकीटबाबू जोतीराम रोज पहाटे कोऱ्या कागदांना त्या दिवसाचा रंग फासायचा आणि वर सिंहाचा ठसा मारायचा. काल पिवळा होता, आज लाल. तरीही रोज तोच तमाशा. तंबूत माणसं मावायची दोन हजार आणि दारात तिकिटं यायची तीन हजार. उरलेले हजार जण तिकीट नाचवत बोंब ठोकायचे, आणि रांग राखायला ठेवलेला धोंडीराम पैलवान त्यांना बांबू आडवा धरून मागं रेटायचा. कुठलं तिकीट खरं आणि कुठलं खोटं, हे खुद्द मॅनेजरलाही उमगत नव्हतं.

मी बार्शीचा, म्हणजे जात्याच शहाणा. खिडकीच्या रांगेत उभाच राहिलो नाही. लिंबाखाली एक जण कानाशी लागला, “पावणं, उन्हात कशापायी वाळताय? ह्ये घ्या.” मी घेतलं, चार आगाऊ शब्द त्यालाच ऐकवले आणि थेट दाराच्या रांगेत जाऊन घुसलो.

तीनच्या सुमाराला खिडकी बंद झाली. लोकांनी फळ्या बडवल्या. आत हूं नाही की चूं नाही. मग फळीच्या खालच्या फटीतून एक लाल ओघळ बाहेर आला.

“बाबूनं रंग सांडला वाटतं,” पुढचा माणूस म्हणाला. त्यानं बोट लावलं, हुंगलं, आणि मागच्याच्या अंगावर कोसळला.

धोंडीराम मागच्या दारानं आत गेला. बाहेर आला तो कोपरापर्यंत लाल होऊन.

“जोत्याचं डोस्कं फोडलंय कुणीतरी,” तो म्हणाला.

“कुणीतरी?” रांगेतून कोणीसं ओरडलं. “काल त्याची मानगूट कुणी धरली हुती रं?”

२

ते खरंच होतं. आदल्या दिवशी धोंडीरामनं सगळ्यांदेखत जोतीरामची मानगूट धरून त्याला जमिनीवरून वीतभर उचललं होतं. “खोटी तिकिटं तूच इकतोस आन् लोकांच्या शिव्या म्या खातो व्हय रं?” असं विचारलं होतं. जोतीरामची जीभ बाहेर आल्यावर खाली सोडलं होतं.

आता दोन हजार माणसांनी दोन अधिक दोन केले.

धोंडीराम साधा गडी नव्हता. पहिले तिघं अंगावर आले ते त्यानं तसेच उचलून परत पाठवले. त्यातला एक भज्यांच्या कढईत बसला, आणि त्याची किंकाळी म्हणे सांगोल्यात ऐकू आली. पण चौथ्यानं तंबूची लोखंडी खुंटी उपसून गुडघ्यावर हाणली. पैलवान एका पायावर आला आणि मग सगळी रांग त्याच्यावर पडली. वहाणा, विटा, छत्र्या, उसाची कांडकी. कुणी त्याचा उजवा पंजा दगडावर धरला आणि वरून वीट घातली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. कानाची पाळी फाटून मानेवर लोंबत होती. सात-आठ दिवसांचा राग होता लोकांचा, उन्हात उभं राहिल्याचा, फसल्याचा, आत न घेतल्याचा, आणि तो सगळा त्या एका पाठीवर निघत होता. एक लाथ माझीही होती. सांगून टाकतो.

त्याला तंबूच्या खांबाशी ओढून हात मागं बांधले. त्याची बायको वच्छला दुपारची भाकरी घेऊन आली होती. ती मध्ये घुसली.

“मारू नगासा! अवो, त्यो न्हाय! त्यो आत काय झालं बगाया गेलता!”

तिला अंबाड्याला धरून बाजूला फेकलं. भाकरीवर पाय पडले.

“मी बघितलंय!” एक माणूस पाण्याच्या पिंपावर चढून ओरडला. तो सोमलिंग रंगारी. त्याला ओळखत नाही असं घर शहरात नव्हतं. सोमलिंगनं रंगवलेलं लुगडं फाटेल, विरेल, नेसणारी मरेल, पण रंग उतरणार नाही, अशी त्याची ख्याती. निदान त्याच्या स्वतःच्या तोंडची तरी.

“बारा वाजता जोतीरामच्या हातनं तिकीट घेतलं मी, आणि तेव्हापासनं या दाराच्या रांगेत हाय! धोंड्या खुंट्या ठोकायची मोगरी घेऊन मागच्या दारानं आत गेलेला या डोळ्यांनी बघितलाय. हे बघा तिकीट!” धोतराच्या कमरेला लाल फराटे होते, तेही त्यानं दाखवले. “घामानं हात लाल झाले, पुसून पुसून धोतर लाल झालं, इतका येळ उभा हाय!”

ते पटण्यासारखं होतं. अर्ध्या रांगेच्या धोतरांवर तसेच फराटे होते.

मैदानावर हवालदार एकच. त्यानं तिकिटाच्या खोक्यात डोकावून शिपाई आणायला माणूस धाडला होता. पण शिपाई यायला अर्धा तास तरी लागणार, आणि दोर तर खांबावरच्या आडव्या बांबूवरून आत्ताच टाकला गेला होता. फास धोंडीरामच्या गळ्यात पडला. चौघांनी टोक धरलं. वच्छलानं त्यातल्या एकाच्या पायाला मिठी घातली, तर त्यानं दुसऱ्या पायानं तिच्या तोंडावर लाथ मारली.

तेवढ्यात एक म्हातारी धोंडीरामच्या समोर येऊन उभी राहिली. त्याच क्षणी मागून कुणीतरी भिरकावलेला धोंडा तिच्या कपाळावर बसला.

३

ती सुंदरम्मा. मैदानाच्या कडेला, तंबूच्या दाराजवळच तिची पाणपोई होती. नवऱ्यानं बोललेला नवस तो गेल्यावर ती फेडत होती. चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई. जमावातले निम्मे तिच्याच हातावर जगात आलेले, आणि सकाळपासून सगळ्यांच्याच पोटात तिच्या रांजणातलं पाणी होतं. धोंडा बसला तशी गर्दी एकदम गप्प झाली.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. हातभर अंतरापलीकडचं सगळं धुकं. रक्त भुवईवरून गालावर आलं, ते तिनं पदरानं टिपलं.

“अय्यो, थांबलात का? अजून एक मारा की. मग मलाही टांगा, म्हणजे दोन खेळ एका तिकिटात होतील.”

तिनं मागं धोंडीरामकडं हात केला.

“याला मारायचं तर मारा. माझं तीन माणसांशी बोलून होऊ दे. शिपाई येण्याआधी संपवते.”

दोर धरणाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. दोर सोडला नाही, पण ओढलाही नाही. धोंडीराम चवड्यावर उभा होता. टाच टेकली की फास आवळत होता.

“मोगरी कुणाची?” सुंदरम्मानं विचारलं.

खुंट्या ठोकणारा कोंडीबा पुढं आला. “माजी हाय, अम्मा. रगात लागलेली बी मीच बघितली, खोक्याच्या मागं पडलीया. पर ह्यो हात बगा.” उजवा हात खांद्यापासून फडक्यात गुंडाळलेला. आठवड्यापूर्वी सिंहानं चावा घेतला होता. सुंदरम्मानं फडकं हुंगलं, वरून दाबलं. कोंडीबा ओय ओय करत खाली बसला.

“खरा चावा आहे,” ती म्हणाली. “कोंडीबा तम्मा, जोतीरामचं मागचं दार उघडंच असायचं का रे?”

“छ्या! कालपास्नं आतनं कडी. धोंड्यानं मानगूट धरल्यापास्नं लई भ्यालेला. वळखीचा आवाज आला तरच उगडायचा. म्या भाकरी दिली तवा बी आधी नाव इचारलं, मग कडी काढली.”

“दार मोडलंय?”

“न्हाय. कडी निस्ती काढलेली.”

“आणि मार कुठं बसलाय?”

हवालदारानं सांगितलं, “पाठीमागून. टाळूवर. बसल्या जागी, तिकिटांच्या ढिगात तोंड घालून पडलाय. रक्त छपरापर्यंत उडालंय.”

“म्हणजे त्यानं स्वतः कडी काढली, आलेल्याकडं पाठ केली आणि परत कामाला बसला,” सुंदरम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला. “बाबांनो, काल ज्यानं तुमची मानगूट धरली, त्याला तुम्ही आज दार उघडाल? उघडलंत, तर पाठ कराल?”

गर्दीत चुळबुळ झाली. दोर धरलेल्या चौघांतल्या एकानं हात सोडला.

“मग ह्यांनी मारला असंल!” कुणीतरी बसलिंगप्पाकडं बोट केलं. हे मैदानाचे कंत्राटदार. ‘रांग टाळा’ म्हणून पैसे घेऊन बड्या लोकांना बाजूच्या दारानं आत सोडायचे आणि जोतीरामला त्यात वाटा देत नसत, त्यावरून दोघांत रोज जुंपायची. जमाव त्यांच्याकडं वळला आणि त्यांची छत्री क्षणात मोडली. कुणीतरी त्यांचा रुमाल ओढून त्यांच्याच तोंडात कोंबला.

“त्यांना माझ्याजवळ आणा.” सुंदरम्मानं त्यांचं धोतर, बंडी, बाह्या डोळ्यांजवळ धरून बघितलं. “पांढरंशुभ्र. छपरापर्यंत रक्त उडालं आणि यांच्यावर शिंतोडा नाही. दुपारभर कुठं होतात, बसलिंगप्पा?”

“बाजूच्या दाराशी, खुर्चीवर,” ते तोंडातला बोळा काढत रडवेले होऊन म्हणाले. “हजार लोकांनी शिव्या दिल्यात मला!”

“दिल्यात! दिल्यात!” हजार लोक ओरडले.

“आता तिसरा राहिला,” सुंदरम्मा म्हणाली. “साक्षीदार कुठाय?”

खांबाशी घरघर ऐकू आली. धोंडीरामचा चांगला गुडघाही वाकत चालला होता.

४

वच्छला धावली. तिनं नवऱ्याच्या पायाखाली स्वतःची पाठ दिली. ओणवी होऊन राहिली आणि त्यानं तिच्यावर एक पाय टेकला. फास तेवढा सैलावला.

“अव्वा, येळ कशाला घालवतीस?” सोमलिंग पिंपावरून उतरत म्हणाला. “मी सांगितलं की सगळं.”

“सांगितलंस रे बाळा. मला दिसत नाही ना, म्हणून हळूहळू समजतं.” तिनं हातभर अंतरावरच्या भलत्याच माणसाला हात केला, “तू रे, पागोट्याचा! इकडं ये.”

पागोट्याचा म्हणजे मी.

“ओंजळ पुढं कर. सकाळपासून तू चार वेळा पाणी प्यायलास. तोंडं मला दिसत नाहीत, पण ओंजळी दिसतात. वरून पाणी सोडते ना मी. तुझी ओंजळ चारही वेळा स्वच्छ होती. तिकीट कुठं घेतलंस?”

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, पण त्या दिवशी जमलं नाही. “लिंबाखाली.”

“खिडकीवर घेतलेले कोण आहेत?”

पन्नास हात वर झाले. तळवे गुलाबी.

“आज सकाळपासून हेच बघतेय,” सुंदरम्मा म्हणाली. “काही ओंजळींतून गुलाबी पाणी गळतं, काहींतून स्वच्छ. जोतीरामचा रंग स्वस्तातला, नुसता कागदाला फासलेला. घाम लागला की सुटतो. लिंबाखालचं तिकीट तासभर मुठीत धरा, रंग हलत नाही. हवालदारसाहेब, तांब्या घ्या.”

एका खिडकीवाल्याचं तिकीट तांब्यात टाकलं. पाणी लाल झालं. दुसऱ्या तांब्यात माझं टाकलं. पाणी होतं तसंच राहिलं, आणि माझं तिकीट तळाशी नव्या नवरीसारखं टवटवीत.

रांगेतून एक हुंकार उठला. सात-आठ दिवस जे कोणाला कळलं नव्हतं, ते दोन तांब्यांत कळलं होतं.

“आता सोमलिंगा, तुझं दे.”

सोमलिंगनं तिकीट पुढं केलं. चेहऱ्यावर काही नाही. सुंदरम्मानं ते डोळ्यांशी नेलं, अंगठ्यानं चोळलं आणि तोंड वाकडं केलं.

“कच्चं आहे. कुण्या अडाण्यानं रंगवलंय. असलं काम हातपाय नसलेला माणूस नाकानं करील. पाण्यात धरलं की चिखल होईल याचा.”

सोमलिंगनं एवढंच म्हणायचं होतं, की होईल, सगळ्यांचा होतोय. एवढ्यावर तांब्या बाजूला राहिला असता. पण त्याच्या गालाची शीर उडाली.

“चिखल?” तो म्हणाला. “अव्वा, भट्टीत हे तीन दिवस उकळून बघ, तुरटी मारलेली हाय! एक थेंब सुटला तर मिशी काढून देतो!”

आणि तो थांबला. सबंध मैदान थांबलं. सिंहसुद्धा डरकाळी अर्धी टाकून गप्प झाला, असं माझं मत आहे.

सुंदरम्मानं तिकीट तिसऱ्या तांब्यात सोडलं. एक थेंब सुटला नाही.

“मिशी राहू दे,” ती म्हणाली. “तिकीट खिडकीवर, जोतीरामच्या हातनं घेतलं म्हणालास. घेतलं नाहीस. घामानं हात लाल झाले म्हणालास. या तिकिटानं हात लाल होत नाहीत, तू स्वतःच सांगितलंस. मग धोतराला पुसलंस ते काय?”

ती त्याच्या कमरेला हात घालायला वाकली. सोमलिंगनं तिच्या छातीत गुडघा घातला. म्हातारी मागच्या मागं रांजणावर आदळली, रांजण फुटला. तो खोक्याकडं धावला, मोगरी उचलली आणि पहिला आडवा आलेला हवालदार, त्याच्या खांद्याचं हाड एका घावात मोडलं. दुसरा घाव कोंडीबाच्या बरगडीवर. लोक मागं हटले. मारायला हजार होतो, अडवायला कुणी नव्हतं.

वच्छला नवऱ्याच्या पायाखालून निघाली, उडी मारली आणि सोमलिंगच्या मनगटाला चावली. नुसती चावली नाही, चावून लोंबकळली. तो तिला खोक्यावर आपटत राहिला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तिचा दात तुटल्याचं ऐकू आलं, तरी सुटली नाही. मोगरी पडली. मग चौघांनी त्याला जमिनीला दाबलं.

इकडं पायाखालची पाठ गेल्यामुळं धोंडीराम फासावर लटकत होता. दोर धरणाऱ्यांनी घाबरून दोर सोडला आणि तो पोत्यासारखा खाली पडला. दोन क्षण श्वास नव्हता. मग खाकरला.

५

सुंदरम्माला दोघांनी धरून आणलं. सोमलिंगच्या धोतराचा सोगा तिनं ओंजळभर पाण्यात पिळला. पाणी तांबूस, मातकट झालं आणि त्यात बारीक गुठळ्या तरंगल्या.

“चाळीस वर्षं हे हात यात होते,” ती म्हणाली. “रंग असा सुटत नाही. का मारलंस रे त्याला?”

“पहाटं रंग काय लावणार ते जोत्याच सांगायचा,” सोमलिंग मातीत तोंड ठेवून बोलला. “मी कागद रंगवायचो, लुगड्याच्या छपाईवाल्याकडनं ठसा करून घेतलेला. काल पैलवानानं उचलल्यावर त्याची पाचावर धारण बसली. आज म्हणाला, मॅनेजरला सगळं सांगतो आणि मोकळा होतो. तो मोकळा होईल, माझं काय? कोण लुगडं देईल मला रंगवाया?”

“हे आत बसून बोललास?”

“व्हय. मी बोलत हुतो आणि त्यो पाठ करून तिकिटं लावत बसला. माझ्याकडं बघत बी नव्हता.”

जमावाला एवढं पुरलं. धोंडीरामच्या गळ्यातला फास काढून सोमलिंगच्या गळ्यात घातला गेला; तोच फास, तेच चौघं, तोच बांबू. कुणी त्याच्या नाकावर टाच मारली. कुणी त्याचा पंजा दगडावर धरला, बोटं मोडायला. मघाशी धोंडीरामचा धरला होता तसाच.

“थांबा!” वच्छला उभी राहिली. तोंडातून रक्त, हातात मोगरी. “ह्याला मारायचा पयला हक्क कुणाचा?”

“तुझा, बाई, तुझा!” सगळे ओरडले. कौतुकानं वाट करून दिली.

“मग माजं ऐका. ज्याचा जसा गुन्ना, तशी शिक्षा. पर येळ आधी ज्याची झाली त्याचा नंबर आधी, रांगंत असंच आसतंय न्हवं?” तिनं मोगरी दोन्ही हातांनी धरली. “माज्या मालकानं कुणाचं कायबी केलं न्हवतं. त्येची बोटं कुणी मोडली, कान कुणी फाडला, दोर कुणी वडला, लाथा कुणी घातल्या, त्यांनी हितं आधी रांग लावा. एकेकानं फुडं या. डोस्कं खाली करून या. तुमचं झालं की मग ह्या मुडद्याचा नंबर.”

पुढची ओळ एक पाऊल मागं सरकली.

“पयला कोण?” ती म्हणाली.

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी बघितल्या. उलटा वाहणारा ओढा बघितला, बोलणारी म्हैस बघितली. पण टेंभुर्णीपर्यंत पोचलेली रांग डोळ्याची पापणी लवायच्या आत नाहीशी झालेली मी त्याच दिवशी बघितली. दोर धरणारे चौघं सगळ्यात पुढं. बाया, पोरं, पागोटी, वहाणा, भज्यांची कढई. मी मागं वळून बघितलं ते एकदम बार्शीच्या वेशीत.

त्यामुळं पुढचं मी कोंडीबाच्या तोंडून ऐकलं. शिपाई आले तेव्हा मैदानावर मोजून सहा जीव होते, शिवाय जोतीरामचा मुडदा आणि एक सिंह. सोमलिंगच्या गळ्यात फास तसाच होता, पण दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. त्याला तसाच दोरासकट नेला.

धोंडीरामला खाटेवर घातलं. एक डोळा मिटलेला, दुसरा कसाबसा किलकिला केला त्यानं.

“लोकं गेली का गं?”

“गेली,” वच्छला म्हणाली.

“रांगंनं गेली?”

“न्हाय वो. येकमेकाला तुडवत गेली.”

पैलवानानं डोळा मिटून घेतला आणि मान हलवली.

“शिस्त म्हून न्हाई लोकांस्नी,” तो म्हणाला.